हिरव्या कॅप्सूलमधलं तेल व्रणांवर चालतं का?

"भाऊ, ती हिरवी गोयी दे बरं." अमळनेरला औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माझ्यासारख्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल हवी असते. मी फक्त विचारतो, "खायला की लावायला?" बहुतेकदा उत्तर येतं, लावायला. कोणाला सिझेरियनच्या टाक्यांवर लावायची असते, कोणाला बाळंतपणानंतर पोटावर राहिलेल्या रेघांवर, कोणाला पोराच्या गुडघ्यावर राहिलेल्या डागावर. कॉलेजातल्या पोरींना मुरमांच्या खड्ड्यांवर. रीत सगळ्यांची एकच. टाचणीनं कॅप्सूल टोचायची, ते दाट, चिकट तेल बोटावर घ्यायचं, रात्री चोळून झोपायचं. कोणी सांगितलं म्हणाल तर नणंदेनं, पार्लरवालीनं, नाहीतर मोबाइलनं.

आधी निकाल सांगून टाकतो, कारण काहींना तेवढंच हवं असतं. व्रण, म्हणजे जखम भरल्यावर मागे राहिलेली खूण, किंवा स्ट्रेच मार्क, म्हणजे पोटावरच्या त्या रेघा, या तेलानं जातात असं आजवरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. काही जणांना उलट त्याचा त्रास होतो. पोटावरच्या रेघांवर नुसतं खोबरेल चोळलं असतं तरी तेवढाच फरक पडला असता. आता हे असं का, ते जरा सावकाश पाहू, कारण यात त्वचेबद्दल कळण्यासारखं बरंच आहे.

व्हिटॅमिन ई हे एकच रसायन नाही. चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायेनॉल मिळून आठ भावंडं आहेत, आणि आपल्या शरीराला त्यातलं अल्फा टोकोफेरॉल सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. याचा शोध लागला 1922 मध्ये, कॅलिफोर्नियात, हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप या दोघांच्या हातून. त्यांच्या प्रयोगातल्या उंदरांच्या माद्यांना ठरावीक खाद्यावर पिल्लं होत नव्हती. गर्भ राहायचा पण टिकायचा नाही. खाद्यात पालेभाजी मिसळली की टिकायचा. त्या भाजीतला जो अंश गर्भ टिकवत होता तोच हा. म्हणजे सुरुवातीला याचा आणि चेहऱ्याच्या कांतीचा काही संबंधच नव्हता.

कांतीशी संबंध जोडला गेला तो नंतर, याचं मुख्य काम कळल्यावर. पेशींच्या भोवतीचं आवरण स्निग्ध असतं आणि स्निग्ध पदार्थ हवेनं, उन्हानं खवट होतो. शेंगदाण्याचं कूट डब्यात फार दिवस राहिलं की त्याला वास मारतो, तीच क्रिया पेशीच्या आवरणात लहान प्रमाणात सतत चालू असते. व्हिटॅमिन ई ती रोखतं. आपली त्वचा हे काम आपोआप करते: चेहऱ्यावर जे तेलकट द्रव सुटतं, ज्याला आपण टिपून टाकतो, त्याच्यासोबत शरीर स्वतःहून व्हिटॅमिन ई वरच्या थरापर्यंत आणून सोडतं. कडक उन्हात ते खर्च होतं. म्हणजे उन्हापासून थोडं संरक्षण हे त्याचं खरं क्षेत्र. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटानं 2005 मध्ये दाखवलं की 15 टक्के व्हिटॅमिन सी, 1 टक्का ई आणि अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड एकत्र केलं की सी आणि ईचं उन्हापासूनचं संरक्षण दुपटीनं वाढतं. महागड्या सीरमच्या बाटल्यांवर ही तीन नावं एकत्र का दिसतात, त्याचं मूळ इथं आहे.

पण ऊन लागू नये म्हणून काम करणं वेगळं आणि झालेली जखम पुसून काढणं वेगळं. इथंच सगळी गल्लत होते.

व्रण म्हणजे नेमकं काय

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडे करताना कोणाचा ना कोणाचा हात भाजतोच. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत घेऊन फिरवत मोठा करायचा आणि उपड्या तापलेल्या खापरावर अलगद टाकायचा. नव्या सुनेचा अंदाज चुकला की मनगटाच्या आतल्या बाजूला खापराची कड लागते. दोन बोटं रुंद, लालबुंद पट्टा. तो फक्त वरच्या सालीपुरता असेल तर दोन आठवड्यांत नवी साल येते, थोडे दिवस काळपट डाग राहतो आणि जातो. त्या सालीला व्रण पडत नाही. व्रण पडतो तो खालच्या थरात जखम गेली तर.

त्वचेचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो. त्याच्या खालचा थर जाड असतो आणि त्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. निरोगी कातडीत हे धागे एकमेकांत गुंतलेले, सगळ्या दिशांनी गेलेले असतात. म्हणून कातडी कुठूनही ताणली तरी जागेवर येते. जखम खोल गेली की शरीराला घाई असते: रक्त थांबवायचं, जंतू अडवायचे, भोक बुजवायचं. त्या घाईत नवे धागे एकाच दिशेनं, घट्ट, दाटीवाटीनं टाकले जातात. हाच व्रण. सुरुवातीचे काही महिने तो लाल, कडक आणि उंच असतो, खाजतो. मग शरीर हळूहळू जुने धागे तोडून नवे नीट बसवत राहतं. हे काम वर्षभर, कधी दीड वर्ष चालतं. व्रण फिका पडतो, सपाट होतो, मऊ होतो. तरी तिथल्या कातडीला पहिल्याच्या साधारण 80 टक्क्यांपलीकडे ताकद येत नाही आणि तिथं केस, घामाच्या ग्रंथी पुन्हा उगवत नाहीत.

वर्षभर चालणारी ही डागडुजी नीट लक्षात ठेवली तर हिरव्या कॅप्सूलची कीर्ती कुठून आली ते उलगडतं. एखादी ताई सिझेरियननंतर तिसऱ्या महिन्यात कॅप्सूल लावायला घेते. त्या वेळी व्रण सगळ्यात वाईट दिसत असतो, म्हणूनच तर ती दुकानात येते. आठव्या महिन्यात तो निम्मा फिका झालेला असतो. श्रेय कोणाला? अर्थात गोळीला. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. तिच्याकडे दुसरं पोट नाही, तुलना करायला.

ही तुलना करायची एक साधी युक्ती आहे: एकाच व्रणाचे दोन भाग करायचे. मायामी विद्यापीठात बाउमान आणि स्पेन्सर या डॉक्टरांनी तसंच केलं आणि 1999 मध्ये निष्कर्ष छापले. त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढलेले 15 रुग्ण घेतले. टाक्यांच्या अर्ध्या भागाला साधं मलम, उरलेल्या अर्ध्याला तेच मलम व्हिटॅमिन ई घालून. दिवसातून दोनदा, चार आठवडे. कुठल्या डबीत काय आहे ते रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. बारा आठवड्यांनी पाहिलं तर 90 टक्के जणांत ईवाल्या अर्ध्यात काहीच फरक नव्हता किंवा तो अर्धा जास्त वाईट दिसत होता. वर, एक तृतीयांश लोकांना तिथं पुरळ, खाज, लाली आली.

पंधरा माणसं म्हणजे फार नव्हेत, हे कबूल. पण भाजलेल्या रुग्णांवरचा 1986 चा मोठा अभ्यासही याच दिशेचा आहे. त्यात दीडशेहून जास्त जण होते, भाजल्यामुळे आखडलेल्या भागांवर शस्त्रक्रिया झालेले. व्हिटॅमिन ईनं त्यांच्याही व्रणांत सुधारणा दिसली नाही. दुसरी बाजू सांगायची तर इटलीत 2010 मध्ये लहान मुलांवर शस्त्रक्रियेच्या आधीपासून आणि नंतर ई लावून चांगला परिणाम दिसल्याचं छापून आलं. त्यानंतर 2016 मध्ये सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले तेव्हा, व्रणासाठी हे वापरा असं सांगण्याइतका पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला. मी दुकानात हाच कल धरून बोलतो.

"पण मग तेल आत शिरतच नसेल ना?" असं एका मॅडमनी विचारलं होतं. शिरतं. खालच्या थरापर्यंतही काही प्रमाणात पोचतं. पण तिथं पोचून करायचं काय? वेडेवाकडे बसलेले धागे सरळ करण्याचं काम व्हिटॅमिन ईचं नाहीच. उलट 1972 च्या एका प्रयोगात भरपूर ई दिलेल्या उंदरांमध्ये कोलॅजन कमी तयार झालं आणि जखमेची ताकद घटली. ताज्या जखमेला हे नकोच असतं.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. शुद्ध टोकोफेरॉल हवेनं आणि उजेडानं लवकर बिघडतं, म्हणून पट्टीवर नाव असतं टोकोफेरिल ॲसिटेट. हे टिकाऊ रूप आहे, पण या रूपात ते कामाचं नाही. शरीरानं त्याला तोडून मोकळं करावं लागतं. पोटातून घेतलं तर हे काम सहज होतं, ती गोळी बनवलीच आहे गिळण्यासाठी. कातडीवर चोळल्यावर तेच काम फार हळू आणि थोडंच होतं. म्हणजे आपण जे चोळतो त्यातलं बरंचसं नुसतं जाड तेल म्हणून वर बसून राहतं.

खान्देशच्या उन्हात

तेल म्हणून वर बसण्याचा थोडा फायदाही आहे. व्रणावरची कातडी ओलावा धरून ठेवत नाही. कुठलंही तेल, व्हॅसलीन लावलं की ती मऊ पडते, खाज कमी होते. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो तेव्हा दुपारी अंग नुसतं कोरडं पडतं. त्या वेळी हे बरं वाटणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. पण ते साध्या व्हॅसलीननंही वाटतं आणि व्हॅसलीननं ॲलर्जी होणं फार विरळा.

ईची ॲलर्जी मात्र होते. स्वित्झर्लंडमध्ये 1992 साली एका नव्या क्रीममुळे शेकडो लोकांच्या अंगावर पुरळ उठलं. शोध घेतला तर क्रीममध्ये व्हिटॅमिन ईचंच एक रूप होतं, टोकोफेरिल लिनोलिएट, आणि ते हवेनं बिघडलेलं असण्याची शक्यता दिसली. आपल्या हिरव्या गोळीतलं ॲसिटेट तितकं लवकर बिघडत नाही, पण ॲलर्जी त्यानंही होऊ शकते. त्यात दुपारभर पत्र्याच्या खोलीत, खिडकीत ठेवलेली टोचलेली कॅप्सूल दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरणं हे मी रोज ऐकतो. आधी स्वच्छ नसलेली टाचणी, मग उघडं तेल, मग धूळ.

मुरमांवर तर लावूच नका. एवढं दाट तेल, वर घाम आणि रुमाल घट्ट बांधून स्कूटीवर धुळे-अमळनेर. छिद्रं बंद होऊन मुरमं वाढतात. मुरमांचे खड्डे हे वेगळंच प्रकरण आहे, तिथं कातडीखालचा भाग कमी झालेला असतो, वरून लावलेल्या तेलानं तो भरून येत नाही.

तरीही वापरायचंच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहा. खाज, लाली आली तर तिथंच थांबा. उघड्या जखमेवर, ताज्या टाक्यांवर, भाजलेल्यावर लावू नका.

भाजल्यावर काय करायचं हे इथंच सांगून टाकतो, कारण व्रण किती राहणार यात सुरुवातीच्या उपचाराचाही हात असतो. वाहत्या थंड पाण्याखाली 20 मिनिटं. आपल्याकडे अडचण अशी की आखाजीच्या दिवसांत छपरावरच्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं गरम असतं. तेव्हा नळ सोडा, रांजणातलं नाहीतर माठातलं पाणी तांब्यानं ओतत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेलही नको. हाताला बांगड्या असतील तर सूज यायच्या आधी काढा.

पोटावरच्या रेघा

स्ट्रेच मार्क हाही एका अर्थी व्रणच, फक्त वरून जखम न होता पडलेला. वरची साल शाबूत राहते आणि खालच्या थरातले धागे ताणून फाटतात. म्हणून तिथं हात फिरवला की जरा खोलगट लागतं. पहिल्यांदा लाल-जांभळ्या किंवा आपल्या रंगावर काळपट रेघा दिसतात, महिन्यांनी त्या पांढुरक्या, चकचकीत होतात.

निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना हे होतं, बहुतेकींना सहाव्या-सातव्या महिन्यानंतर. कोणाला होणार ते बरंचसं आईकडून आलेलं असतं. आईला, बहिणीला असतील तर आपल्याला होण्याची शक्यता जास्त. कमी वयात पहिलं बाळंतपण, गरोदरपणात झपाट्यानं वाढलेलं वजन, मोठं बाळ, ही बाकीची कारणं. "पोट खाजवू नको, रेघा पडतील," असं आपल्याकडे प्रत्येक सासू म्हणते. गोष्ट उलटी आहे. कातडी ताणली जाते म्हणून खाज येते आणि ताणली जाते म्हणूनच रेघा पडतात. नख बिचारं मध्येच बदनाम झालं. मात्र शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना खूप खाज येत असेल, विशेषतः रात्री आणि अंगावर पुरळ नसताना, तर ते पोटाच्या ताणाचं नाही. यकृताचा त्रास असू शकतो आणि बाळाला धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

रेघा पडूच नयेत म्हणून काही लावता येईल का? कॉक्रेन नावाची संस्था जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते. तिनं 2012 मध्ये सहा अभ्यासांतल्या 800 बायकांची माहिती पाहिली. त्यात व्हिटॅमिन ई असलेली क्रीम होती, कोको बटर होतं, ऑलिव्ह तेल होतं. लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या बायकांमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात कडू बदामाचं तेल चोळून लावलेल्यांत रेघा कमी दिसल्या, नुसतं लावलेल्यांत नाही. त्यामुळे तेलापेक्षा चोळण्याला काही अर्थ असावा असं वाटतं. आपल्या बाळंतिणीची मालिश या दृष्टीनं वाईट नाही. तीळ, शेंगदाणा, खोबरेल, जे घरात असेल ते. टाक्यांवर मात्र ते पक्के जुळेपर्यंत हात नको.

आता एक गोष्ट जी मला कॅप्सूलपेक्षा जास्त सतावते. स्ट्रेच मार्कसाठी गोळी मागायला येणाऱ्यांत तरुण पोरंही असतात, मान खाली घालून. दाखवायला तयार नसतात. हळूच विचारलं की कळतं, जांघेत रेघा आहेत, बोटाएवढ्या रुंद, लाल. गरोदरपण नाही, वजन वाढलेलं नाही. मग पुढचा प्रश्न: गजकर्णाला कुठली ट्यूब लावत होता? आणि खिशातून निघते ती तीन औषधांची मिसळ असलेली ट्यूब, ज्यात एक जबर स्टेरॉइड असतं. उन्हाळ्यात, घामानं, घट्ट जीन्समुळे जांघेत नायटा येतो. ही ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून पोरं महिनोन्‌महिने लावत राहतात. बुरशी मरत नाही, दबते, आणि पसरते. जांघेतली कातडी आधीच पातळ, तिथं स्टेरॉइड जास्त शोषलं जातं आणि कोलॅजन खाऊन टाकतं. त्या रेघा कायमच्या. सरकारनं 2018 मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी "मागच्या वेळची तीच द्या" हे वाक्य काही बंद झालेलं नाही. आम्ही दुकानदारही यात सगळे धुतल्या तांदळाचे नाही.

अशा पोराला हिरवी गोळी देऊन चार पैसे मिळतील, पण उपयोग काय? आधी ती ट्यूब बंद करायची आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लाजण्यासारखं त्यात काही नाही; तिथल्या डॉक्टरांनी सकाळपासून असे बरेच पाहिलेले असतात.

मग चालतं काय?

नव्या व्रणासाठी सगळ्यात आधी ऊन टाळा. ताजा व्रण उन्हात काळवंडतो आणि आपल्या रंगाच्या कातडीवर तो काळेपणा वर्षभर हटत नाही. बाह्यांचा सनकोट, रुमाल, उघड्या जागी सनस्क्रीन. हा सल्ला फुकटाचा असल्यामुळे लोकांना पटत नाही.

दुसरं, सिलिकॉन. मऊ पारदर्शक पट्टी असते किंवा ट्यूबमधलं जेल. टाके निघाले, जखम पूर्ण बंद झाली की सुरू करायचं. पट्टी दिवसाचे बारा तासांहून जास्त, दोन-तीन महिने. जेल दिवसातून दोनदा. पट्टी धुऊन पुन्हा वापरता येते. याचाही पुरावा फार भक्कम आहे असं नाही, पण उंच, कडक होणाऱ्या व्रणांसाठी डॉक्टर सहसा इथूनच सुरुवात करतात आणि धोका जवळपास नाही. एप्रिल-मे मध्ये पट्टीखाली घाम साचून पुरळ येतं, तेव्हा जेल बरं. कॅप्सूलच्या पट्टीपेक्षा ते बरंच महाग आहे, हे मात्र खरं.

तिसरं, चोळणं. जखम घट्ट जुळल्यावर, अंदाजे तीन आठवड्यांनी, बोटाच्या पेरानं व्रणावर दाब देऊन गोल फिरवायचं, दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटं. बोट घसरायला काहीही लावा. कॅप्सूल लावून ज्यांचा व्रण खरंच मऊ झाला, त्यांच्या बाबतीत माझा संशय या बोटावर आहे.

व्रण जखमेच्या कडेबाहेर पसरत चालला तर ते केलॉइड. कान टोचल्याच्या जागी, छातीवर, दंडावर बीसीजीच्या लसीच्या जागी येतो. त्याला घरगुती काहीही लावून उपयोग नाही. डॉक्टर महिन्या-दीड महिन्यानं त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. नुसता कापून काढला तर बहुतेकदा परत येतो, अनेकदा आधीपेक्षा मोठा. कोपर, बोटं, मान अशा सांध्यावर भाजलं असेल तरी वाट बघू नका, तिथं व्रण आखडला की हात सरळ होत नाही.

स्ट्रेच मार्कमध्ये रंग बघायचा. लाल असेपर्यंत उपचाराला थोडा वाव असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ट्रेटिनॉइन मलम मिळतं, त्यानं नव्या रेघा लांबी-रुंदीला थोड्या कमी होतात. पण गरोदरपणात ते चालत नाही, आणि अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नेमकं ज्या काळात रेघा ताज्या असतात त्याच काळात औषध बंद, अशी ही पंचाईत. पांढऱ्या झालेल्या रेघांसाठी सुयांचा रोलर किंवा लेझर असतो. बऱ्याच खेपा लागतात, पैसा लागतो आणि रेघा फिक्या होतात, नाहीशा होत नाहीत. आपल्या सावळ्या रंगावर लेझर चुकला तर डाग उरतो, म्हणून तो पार्लरमध्ये नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडेच.

आणि खायला?

दिवसाला साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई पुरतं. कॅप्सूल असते 400 मिलिग्रॅमची. खान्देशातल्या घरात याची उणीव पडणं अवघडच आहे. शंभर ग्रॅम सरकीच्या तेलात अंदाजे 35 मिलिग्रॅम असतं, सूर्यफुलाच्या तेलात 41, शेंगदाण्याच्या तेलात 16, नुसत्या शेंगदाण्यात 8. भरितावर ज्या हातानं आपल्याकडे तेल सोडतात आणि वर दाणे घालतात, शेवभाजीवर जी तर्री येते, ते पाहिलं की ई कमी पडण्याची काळजी सोडून द्यावी आणि दुसऱ्या गोष्टींची करावी.

व्रणासाठी म्हणून महिनोन्‌महिने रोज गोळ्या खाणारेही येतात. ते निरुपद्रवी नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2011 मध्ये आले, रोज 400 युनिट (साधारण आपल्या एका कॅप्सूलएवढं) ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण 17 टक्क्यांनी जास्त दिसलं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर मोठ्या मात्रेनं रक्तस्रावाचा धोका वाढतो, ऑपरेशन ठरलेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. काही ठरावीक आजारांत डॉक्टर ही गोळी स्वतः देतात. तिथं ती घ्यायची, मात्रेप्रमाणे.

शेवटी, क्रीमच्या डब्यावर "व्हिटॅमिन ईयुक्त" लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका आणि फार हुरळूही नका. बऱ्याचदा ते तिथं थोडंसंच घातलेलं असतं, त्या क्रीममधलं तेल खवट होऊ नये म्हणून.